जुन्या लॅपटॉपमधल्या पाट्या

माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, लकवा मारला तेव्हा त्यांचा उजवा हात गेला, उजवा पाय अर्धामुर्धा राहिला आणि बोलणं जवळजवळ सगळंच गेलं. मागे एकच शब्द उरला, ‘बस’. चहा हवा असला तरी ‘बस’, नको असला तरी ‘बस’. पंखा लावा म्हणायचं असो, दारात कोण आलंय ते विचारायचं असो, चिडायचं असो, सगळ्याला तोच शब्द. फक्त सूर निराळा. आम्ही सुरावरून अंदाज बांधायचो. अंदाज चुकला की ते डोळे मिटून घ्यायचे.

आप्पा मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरातले पेंटर. दुकानांच्या पाट्या, केळीच्या आढत्यांच्या, म्हणजे दलालांच्या, ऑफिसांवरची नावं, पॉवरलूमच्या कारखान्यांची फाटकं, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, ट्रकांच्या मागच्या फळ्या, असं सगळं त्यांनी रंगवलं. हिंदी-मराठी तर होतंच. उर्दू त्यांना वाचता येत नव्हती, पण कोणी कागदावर लिहून दिली की तिचे वळसे ते असे उतरवायचे की ज्यांना ती वाचता यायची, ते रस्त्यात थांबून बघत राहायचे. पुढे फ्लेक्स आले आणि काम हळूहळू आटलं. आप्पांनी तक्रार केली नाही. पण माझ्याबरोबर बाजारात निघाले की एखाद्या फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणायचे, “हा ‘श’ बघ. कंबर मोडेल आहे त्याची.” त्यांच्याबरोबर शहरातून फिरायचं म्हणजे अक्षरांची तब्येत विचारत फिरायचं.

अशा माणसाकडे एकच शब्द उरला.

दवाखान्यातून घरी आणल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांच्याशी बोलत राहा, वस्तू दाखवा, नावं घ्या, जे येईल ते येऊ द्या. आम्ही बोललो. दादा, माझा मोठा भाऊ, ऑफिसातून आला की त्यांच्या खाटेशी बसून दिवसभराचं सांगायचा. मी लग्न होऊन त्याच शहरात असले तरी शाळेची नोकरी, त्यामुळे रविवारी जायची. टीव्ही लावून दिला तर ते भिंतीकडे तोंड करायचे. सगळेच भराभर बोलतात त्यात, त्यांच्या हाती काही लागत नसावं. मोबाईलवर फोटो दाखवायला गेलं तर डाव्या हाताचं बोट कुठेतरी लागायचं, फोटो सरकून जायचा, आणि मग ते मोबाईलच ढकलून द्यायचे.

या सगळ्यात वहिनी काय करत होती, तर बघत होती.

वहिनी जवळच्याच दापोरा गावची. माहेरी केळीची शेती. आमच्या घरी तिचं स्थळ आप्पांनीच आणलं होतं. दापोऱ्याच्या सोसायटीची पाटी रंगवायला गेले असताना तिच्या घरी पाणी प्यायले, आणि परत येऊन आईला म्हणाले, “पोरीनं विचारलं, रंग वाळायच्या आत पाऊस आला तर काय करता? आजपर्यंत कोणी मला विचारलं नव्हतं.” एवढ्यावर सोयरीक जुळली असं आमच्याकडे हसून सांगतात. पण मला ती कधी हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट वाटली नाही. वहिनीला प्रश्न पडतो आणि पडला की सुटेपर्यंत ती तो सोडत नाही.

एका रविवारी मी गेले तर ती माळ्यावरून उतरलेली, केसांत जळमटं, आणि हातात दादाचा जुना लॅपटॉप. मला आठवत होता तो. त्याच्यावर चहा सांडून अर्धी बटणं मेली होती, एका बाजूची बिजागरी तुटून पडदा लोंबत होता. दादाने नवा घेतला आणि हा कापडात गुंडाळून वर टाकला.

“याचा पडदा बघा ताई,” वहिनी म्हणाली. “केवढा आहे! आणि चांगला आहे. आत्ता लावून पाहिला.”

“पण बाकीचं तर सगळं गेलंय ना?”

“तुटेल आहे, मरेल नाही,” ती म्हणाली. “आप्पांसमोर भिंतीपाशी ठेवू. फोटो आपोआप बदलत राहतील. हाताने काही सरकवायचं काम नाही. मी व्हिडिओ पाहिलाय, लोक करतात असं. पडदा उलटा फिरवून मागे बसवतात आणि वरून चौकट.”

दादा दाढी करत होता, तो आतूनच म्हणाला, “त्यापेक्षा बाजारात तयार मिळते तशी फ्रेम.”

“ती हाताएवढी असते. आप्पांना इतक्या लांबून काय दिसणार?”

दादा गालावरचा फेस पुसत बाहेर आला. तो म्हणाला, “चालू झाला तर मावा जिलेबी माझ्याकडून.”

आधी ती आणि मी तो लॅपटॉप घेऊन शनवारा वेशीजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि सरकवून दिला. “भाभीजी, इसमें कुछ नहीं रखा. कबाड़ में दे दो.” वहिनीने विचारलं, खालून हा भाग थोडा फुगल्यासारखा का दिसतो? तेव्हा मात्र तो सावध झाला. बॅटरी फुगलीय, म्हणाला, हिला घरी टोचू-बिचू नका. त्याने ती तिथेच काढून स्वतःकडे ठेवून घेतली. बॅटरीशिवाय हा चालेल का, असं वहिनीने विचारलं. “चार्जर लगा रहेगा तब तक चलेगा,” तो म्हणाला. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. तिला तेवढंच हवं होतं.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही बैठकीच्या खोलीत, आप्पांच्या खाटेजवळ, चटईवर बसलो. मुद्दाम तिथेच. वहिनीचं म्हणणं, जे करायचं ते त्यांच्या समोर करू, त्यांनाही करमेल. खाली पांढरी चादर अंथरली, म्हणजे बारीक स्क्रू पडला तर दिसेल. आणि स्वयंपाकघरातून तिने आप्पेपात्र आणलं. मला कळेना. ती म्हणाली, “प्रत्येक जागचा स्क्रू वेगळ्या लांबीचा असतो. एका घरात बिजागरीचे, एका घरात पडद्याचे, एका घरात खालचे. मिसळले की संपलं.” मी शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवते, पण आप्पेपात्राचा असा उपयोग माझ्या डोक्यात आला नसता. मी त्या दिवशी फक्त टॉर्च धरायचं आणि ‘सांभाळून’ म्हणायचं काम केलं.

ती काम करताना बघण्यासारखी होती. घाई नाही. नखाने पडद्याभोवतीची प्लॅस्टिकची पट्टी कडेकडेने उकलत गेली, जशी कोवळ्या तुरीच्या शेंगेची शिवण उकलावी. बिजागऱ्या सोडवल्या. मग पडदा आणि खालचा डबा यांच्यामध्ये फक्त एक चपटी वायर राहिली. “हीच खरी नाडी आहे,” ती म्हणाली. ती वायर जिथे जिथे चिकटपट्टीने धरलेली होती तिथून सोडवून तिने थोडी ढील मिळवली, आणि मग पडदा हळूहळू मागे वळवायला सुरुवात केली. पुस्तक उघडून पाठीला पाठ लावतात तसा. मी टॉर्च आणखी जवळ धरला. तिने चार्जर लावला, बटण दाबलं. पडदा उजळला. आम्ही दोघी एकदम ‘आलं!’ म्हणून ओरडलो आणि आप्पांनी खाटेवरून मान उचलून पाहिलं.

तिने पडदा डब्यावर पूर्ण टेकवला, आणि तो काळा झाला.

उचलला, पुन्हा उजळला. टेकवला, पुन्हा काळा. वायर दुमडतेय का पाहिलं, नाही. आत कुठे दाबलं जातंय का पाहिलं, नाही. थोडा उचलून धरला की चालू, टेकवला की बंद. दादा येऊन बघून गेला. “राहू दे आता,” तो म्हणाला, ते समजुतीच्याच सुरात. मलाही तसंच वाटत होतं. वहिनीने सगळं चादरीसकट गुंडाळून कपाटावर ठेवलं आणि चहा टाकायला गेली.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी तिचा फोन. आवाज असा, की मला वाटलं आप्पांना काही झालं.

“ताई, चुंबक आहे!”

“कशात?”

“पडद्याच्या वरच्या कडेत. स्क्रू हातातून निसटला आणि खाली पडलाच नाही, प्लॅस्टिकला चिकटला. प्लॅस्टिकला लोखंड काहून चिकटेल? तर आत बारीकसं चुंबक. लॅपटॉप मिटला की त्याला समजावं म्हणून बसवेल असतं ते. आपण पाठीला पाठ लावली, तर त्याला वाटतं झाकण लावलं, म्हणून झोपून जातो बिचारा.”

बिचारा, असं ती म्हणाली. मी फोनवर एकटीच हसत सुटले. चुंबक काढल्यावर तो झोपायचा थांबला. मला आजही त्या क्षणाचं अप्रूप वाटतं. स्क्रू चिकटला हे कोणालाही दिसलं असतं. तो काहून चिकटला, हे विचारायला वहिनीच लागते.

मग चौकट. स्वयंपाकघरातलं फर्निचर केलं तेव्हाची प्लायचे तुकडे पडले होते. त्यांची खोलगट पेटी दादाने करून दिली. करवतीचं काम त्याला आवडतं, आणि आतापर्यंत तोही यात ओढला गेला होता. हवा खेळावी म्हणून वरच्या बाजूने भोकं पाडली, पडदा आणि डबा यांच्यामध्ये प्लायचे बारके ठोकळे ठेवले, चालू करायचं बटण मागे गेलं होतं म्हणून मागच्या फळीला बोट जाईल एवढं छिद्र ठेवलं. समोरची कोरी कड साडीच्या खोक्याच्या जाड पुठ्ठ्याची. फोटो आत घालायला माझ्या घरचा बाहेरून लावायचा कीबोर्ड नेला. झोपायचं नाही, चालू झालास की लगेच फोटो दाखवायला लागायचं, एवढं त्याला शिकवायला मात्र आम्हाला एक अख्खी दुपार लागली.

पेटीला रंग लावायचं वहिनीने ठरवलं. आप्पांच्या सामानातला काळा इनॅमल घट्ट झाला होता, तो टर्पेंटाइनने सैल केला. त्यांचेच ब्रश. त्यांनी ते आजारपणाआधी असे धुऊन, तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून ठेवले होते की एकाचाही केस वाकडा नव्हता. ती त्यांच्या समोर चटईवर बसून रंगवू लागली. थोडा वेळ गेला आणि मागून आवाज आला, “बस. बस. बस!”

आम्हाला वाटलं वासाचा त्रास होतोय. मी खिडकी उघडायला उठले. पण ते डावा हात हवेत एका दिशेने ओढत होते, डावीकडून उजवीकडे, उचलून पुन्हा डावीकडून उजवीकडे. वहिनी ब्रश मागेपुढे, मागेपुढे चालवत होती. ते आधी तिच्याच लक्षात आलं. ती ब्रश आणि पेटी घेऊन खाटेपाशी सरकली. आप्पांनी तिचं मनगट डाव्या हातात धरलं आणि पेटीवर एक लांब, सरळ, न थांबणारा हात ओढला. मग दुसरा, पहिल्याला जेमतेम चाटून जाणारा. तिसऱ्यांदा त्यांनी मनगट सोडलं आणि तिने एकटीने ओढला. “बस,” आप्पा म्हणाले. हा सूर आम्ही बऱ्याच महिन्यांत ऐकला नव्हता. ‘जमलं’ असा सूर होता तो.

पेटी वाळली, सगळं आत बसलं, आणि खाटेसमोरच्या फळीवर ती चौकट उभी राहिली. मागच्या वायरी सोडल्या तर कोणी म्हणणार नाही की आत लॅपटॉप आहे. दादाने कबूल केल्याप्रमाणे मावा जिलेबी आणली. आम्ही लग्नांचे, बारशांचे, आईच्या शेवटच्या वाढदिवसाचे फोटो घातले होते. आप्पांनी पाहिले. आईचा आला तेव्हा डोळे भरले, मग ते थकल्यासारखे झाले आणि झोपले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करू लागले.

मला फार वाईट वाटलं, वहिनीसाठी. पण ती खाटेपाशी स्टूल टाकून बसली होती, आणि चौकटीकडे न बघता आप्पांच्या डोळ्यांकडे बघत होती. तिच्या ध्यानात आलं की एका फोटोला ते दर वेळी मान वळवतात. माझ्या लग्नाच्या वरातीचा फोटो. तिला आधी वाटलं मला बघतात. नंतर दिसलं की त्यांची नजर माझ्याही वर, कोपऱ्यात जाते. तिथे एका कापडाच्या दुकानाची अर्धी पाटी होती. आप्पांनी रंगवलेली.

“ताई, आपण चुकीचे फोटो लावले,” ती मला म्हणाली. “ही आपली माणसं आहेत. त्यांची नावं आप्पांना आठवत नाहीत, मग त्रास होतो. त्यांचं काम दाखवू त्यांना.”

मग सुरू झालं आमचं हिंडणं. तिची स्कूटी, मागे मी, आणि माझ्या मोबाईलचा कॅमेरा. जुन्या शहरात आप्पांच्या किती पाट्या उरल्या असतील, कोणाला ठाऊक? आम्ही गल्ली-गल्ली धुंडाळली. लालबाग वस्तीच्या बाजूला एका कारखान्याच्या फाटकावर गंजातून डोकावणारं नाव मिळालं, एका शाळेच्या भिंतीवर अर्धा सुविचार. तापीवरच्या राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्याला एका भिंतीवर ‘यहाँ कचरा न डालें’ सापडलं, त्यातल्या ‘ड’च्या पोटावरून मी ओळखलं. वहिनीच्या माहेरी दापोऱ्याला सोसायटीची पाटी अजून तशीच होती, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘पेंटर’ आणि पुढे आप्पांची सही. मंडीजवळच्या एका म्हाताऱ्या आढत्याने तर आम्हाला आत बसवून चहा पाजला आणि खुर्चीवर चढून पाटीवरची धूळ स्वतः पुसली, मगच फोटो काढू दिला.

एका मिठाईच्या दुकानावर मोठा फ्लेक्स होता. मला आठवत होतं की इथे आप्पांची पाटी होती. मी लहान असताना त्यांना डबा द्यायला आले होते आणि ते शिडीवर होते. मालकाला विचारलं. तो स्टुलावर चढला, फ्लेक्सच्या खालच्या कडेचे दोर सोडले आणि तो वर उचलून धरला. खाली आप्पांची पाटी. लाल जमिनीवर पिवळी अक्षरं, त्यांना काळी सावली. ऊन-पाऊस न लागल्याने काल रंगवल्यासारखी ताजी. “पेंटर साहब का हाथ है,” मालक वरूनच म्हणाला, “निकालने का मन नहीं हुआ. इसलिए ऊपर से लगा दिया.” तो हात वर करून तसाच उभा राहिला आणि आम्ही दोघी खाली रस्त्यात, मागे रिक्षांचे हॉर्न, बघतच राहिलो. फोटो काढायचं भान जरा उशिराच आलं.

आप्पांना मी वडील म्हणून खूप ओळखत होते. पेंटर म्हणून ते मला त्या हिंडण्यात भेटले. शिरोरेषा कुठेही ढळलेली नाही. कारखान्याचं नाव जाड, खांदे ताठ. मिठाईच्या दुकानाचं गोल, गुबगुबीत. दवाखान्याचं सडपातळ आणि स्वच्छ. प्रत्येक नावाला त्याच्या धंद्याचा चेहरा होता. आणि हे सगळं पट्टी-पेन्सिल आणि दोरीच्या जोरावर, उन्हात शिडीवर उभं राहून.

जुने फोटो काढून पाट्या लावल्या. वहिनीने प्रत्येक पाटी बराच वेळ थांबेल असं केलं. आप्पा भिंतीकडे वळायचे थांबले. सकाळी चहा झाला की ‘बस’ म्हणून ते चौकटीकडे बोट करायचे, आणि मग तास-तास बघत बसायचे. डाव्या हाताचं बोट मांडीवर चालत असायचं, अक्षर गिरवत.

त्याच दिवसांतली गोष्ट. रविवार होता, आम्ही सगळे घरात होतो. एकाएकी आप्पा अस्वस्थ झाले. चेहरा लाल. तोंडातून काहीतरी नवंच येत होतं. “उल... उल... उलटी!”

पळापळ झाली. दादा बादली आणायला धावला, मी त्यांना उठवून बसवलं, पाठीवरून हात फिरवू लागले. नवा शब्द आला याचा आनंद करायलाही कोणाला वेळ नव्हता. आप्पांनी बादली डाव्या हाताने दूर लोटली. “उलटी! उलटी!” पुन्हा बादली पुढे, पुन्हा लोटली. ते आता रडकुंडीला आले होते.

वहिनी दारातून आत आली, तिने आमच्याकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आणि मग ते बोट जिकडे करत होते तिकडे वळून पाहिलं. चौकटीत आढत्याच्या ऑफिसपुढे आम्हा दोघींनी स्वतःचाच काढलेला फोटो होता. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला. त्यामुळे आरशात दिसावी तशी मागची पाटी पूर्ण उलट उमटली होती, अक्षरं उजवीकडून डावीकडे चाललेली. आम्ही दोघींनी तो फोटो शंभरदा पाहिला असेल. आम्ही आमचे चेहरेच बघत होतो.

“आप्पा,” वहिनी म्हणाली, “पाटी उलटी आहे?”

आप्पांनी जो श्वास सोडला तो मी विसरणार नाही. “उलटी,” ते अगदी शांतपणे म्हणाले. मग आमच्याकडे आणि बादलीकडे बघून ते हसले. तोंडाची एकच बाजू वर जात होती, पण हसणं पुरतं होतं. दादा बादली हातात धरूनच रडायला लागला.

वहिनीने लगेच कीबोर्ड जोडून फोटो सुलटा केला. आप्पांनी तपासला. “बस,” म्हणाले.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. लकव्याने नेलेलं सगळं परत येत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि ते खरं आहे. पण दर थोड्या दिवसांनी एखादा शब्द यायचा, आणि यायचा तो पाटीच्या वाटेने. ‘वेलांटी’ आली. ‘लाल’ आला. ‘शिडी’ आली, ‘मंडी’ आली. मग एकदा ‘चहा’ आला, आणि त्या दिवशी आम्ही त्यांना मागतील तेवढा चहा दिला. माणसांची नावं मात्र अजून येत नाहीत. दादाला ते ‘अरे’ म्हणतात, मला ‘बाई’. वहिनीला मध्यंतरी ‘पेंटर’ म्हणू लागले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हाला वाटलं शब्द चुकला. तिने ओ दिली, “काय आप्पा?” ते पुन्हा म्हणाले, “पेंटर,” आणि चौकटीच्या मागे लोंबणाऱ्या वायरीकडे बोट दाखवलं. ती व्यवस्थित बांधून घे, असं त्यांना सांगायचं होतं. तिने बांधली. हाक तशीच राहिली, आणि ती त्या हाकेला अशी ओ देते जशी काही जन्मापासून तिला याच नावाने बोलावतात.

चौकटीचे लाड करावे लागतात. उन्हाळ्यात तिचा पंखा घरघरतो, मग वहिनी मागची फळी काढून आप्पांच्या मऊ ब्रशने धूळ झाडते, आणि आप्पा एकेक स्क्रू डाव्या मुठीत धरून बसतात. आता शहरात बातमी पसरलीय. लोक आपणहून वहिनीच्या मोबाईलवर पाट्यांचे फोटो पाठवतात: आमच्या गल्लीत ही एक आहे, ही पेंटर साहेबांचीच का? ती आप्पांना दाखवते. स्वतःची असली तर ते मान हलवतात. दुसऱ्याची असली तर हात झटकतात, पण चांगली असेल तर दुसऱ्याची असूनही थोडा वेळ बघतात.

गेल्या रविवारी मी त्यांच्यापाशी बसले होते. चौकटीत कारखान्याचं फाटक दिसत होतं तेवढ्यात वीज गेली. बॅटरी नसल्याने चौकट क्षणात काळी होते, आणि अशा वेळी पूर्वी ते चिडायचे. मी म्हटलं, “येईल आप्पा, येईल आत्ता.” त्यांनी माझं बोलणं ऐकलं नसावं. काळ्या पडद्याकडे बघत त्यांचं बोट मांडीवर चालत होतं. ते थांबलं, आणि आप्पा म्हणाले, “मंडी.” थोड्या वेळाने म्हणाले, “शाळा.” मग “मिठाई.”

चौकटीत फाटकानंतरच्या पाट्या त्याच क्रमाने लावल्या होत्या आम्ही.